दुसरा तांडेल

१

हिंगणघाटच्या कापड गिरणीत टाइमकीपर असलेल्या चंद्रभानने समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि त्याची त्याला अजिबात लाज वाटत नसे. वेणा नदीला पूर आला की पुलावर जाऊन अर्धा तास उभं राहायचं, एवढाच त्याचा पाण्याशी संबंध. तरी नागपूरच्या एका मासिकात आठ महिन्यांपासून त्याची दर्यावरची कथा क्रमशः छापून येत होती. रत्नागिरीकडच्या एका वाचकाने तर ‘आपण मूळचे कोणत्या बंदराचे?’ असं पत्र पाठवलं होतं. ते पत्र चंद्रभानने चार महिने सदऱ्याच्या खिशात बाळगलं आणि भेटेल त्याला दाखवलं.

समुद्राची सगळी माहिती त्याला शेजारच्या भैय्याजीकडून मिळायची. भैय्याजी लढाईच्या काळात मुंबईला पळाला, बोटीवर खलाशी म्हणून लागला, पाच वर्षं दर्या हिंडून परत आला आणि आता गिरणीच्या बॉयलरवर दुसऱ्या पाळीला होता. त्याने सांगायचं आणि चंद्रभानने लिहायचं, असा दोघांचा कारभार.

घरातला क्रम ठरलेला. पहिली पाळी सात ते तीन. साडेतीनला घरी, हातपाय धुऊन चहा, आणि चार ते सहा आतल्या खोलीत टेबलाशी. त्याचं अक्षर मात्र इतकं भयंकर होतं की पहिली कथा ‘वाचता येत नाही’ असा शेरा मारून संपादकांनी परत पाठवली होती. तेव्हापासून पक्की प्रत त्याची बायको अन्नपूर्णा करायची. ती सातवी पास होती आणि तिचं अक्षर गोल, सुबक, पाटीवर गिरवल्यासारखं. चंद्रभान कामावर गेला की दुपारी ती त्याच टेबलाशी बसून फुलस्केपवर उतरवून काढायची.

यात एक गमतीची अडचण होती. कथेतला तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, आधी कुणी वेगळ्याच नावाचा होता, पण त्याचं गलबत काही केल्या बंदरातून हलेना. एके दिवशी चंद्रभानने त्याला खुशाल स्वतःचंच नाव दिलं आणि लेखणी धावायला लागली. आता अन्नपूर्णा नवऱ्याचं नाव घेणार कशी? तोंडाने तर नाहीच, पण कागदावरही ती लिहीत नसे. जिथे जिथे ‘चंद्रभान’ येईल तिथे ती चार बोटं जागा मोकळी सोडायची. संध्याकाळी चंद्रभान त्या जागा आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात भरायचा आणि पाकीट बंद करायचा. संपादकांना हा प्रकार ठाऊक होता, आणि त्यांना तो आवडायचा.

२

नवव्या प्रकरणात चंद्रभान अडकला. पटकीने गलबतावरचे सगळे खलाशी गेले होते आणि सुकाणूवर तांडेल एकटा उरला होता. एकटा माणूस बोलणार कुणाशी? पानं कोरडी जायला लागली. रविवारी सुट्टी बघून तो भैय्याजीच्या ओसरीवर जाऊन बसला.

“बोटीवर एकट्यानं पहारा कराचं काम पडलं का?” त्याने विचारलं.

“लय येळा,” भैय्याजी म्हणाला. “बोटीच्या नाकावर उभं करत. चार घंटे समोर नुसतं पानी. पहिला घंटा बरा जाते. मंग डोयाले नाई ते दिसाले लागते. तवा एकच इलाज. बाजूले एक जोडीदार उभा कराचा. आपल्यासारखाच. त्याच्यासंगं बोलत राह्याचं.”

“कायचं बोलाचं?”

“जे दुसऱ्या कोनापाशी बोलता येत नाई ते. मी तं मायच्या गोठी सांगत जावो.”

“अन् पाळी संपल्यावर?”

“मंग काय, मी झोपाले जावो.” भैय्याजीने विडी पेटवली. “तो कुठी जाय, मी इचारलं नाई.”

चंद्रभान उड्या मारतच घरी आला. त्याने गलबतावर दुसरा चंद्रभान आणून बसवला, हुबेहूब तांडेलासारखा, तेच नाव, तीच दाढी. फरक एवढाच की तांडेल घुमा होता आणि हा बोलका. तांडेलाला जे जे सांगता येत नव्हतं ते सगळं त्याने ह्याच्या तोंडी घातलं. आणि लिहिण्याच्या भरात, हात थांबेना म्हणून, त्याने नलूचंही घातलं.

नलू ही त्यांची मुलगी. तीन वर्षांपूर्वी, पाच वर्षांची असताना, तापाने गेली. त्या दिवसापासून चंद्रभानने घरात तिचं नाव काढलं नव्हतं. अन्नपूर्णेने काढलं की तो उठून बाहेर जायचा. पण गलबतावरचा तो दुसरा मात्र तिच्याबद्दल पानपानभर बोलला. ती चालताना कशी मोजून पावलं टाकायची, गिरणीचा भोंगा वाजला की कशी कानांवर हात ठेवायची, सगळं.

प्रत हातात आली तेव्हा दोन ठिकाणी शाई पसरली होती. अन्नपूर्णा रडली असणार, हे त्याला कळलं, पण तो बोलला नाही. जागा भरायला त्याने लेखणी उचलली आणि थबकला. तांडेलाच्या नावाजागी नेहमीसारखी मोकळी जागा होती. पण ‘दुसरा’ या शब्दापुढे जागा नव्हती. तिथे अन्नपूर्णेच्या गोल अक्षरात, न डगमगता, चंद्रभान असं लिहिलं होतं. सतरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

“हे काय? नाव लिवलं तू?”

“तुमचं कुठी लिवलं?” ती तांदूळ निवडत होती. “तुमच्या जागा सोडल्या न. हे तं त्याचं हाये.”

तो मोठ्याने हसला. दुसऱ्या दिवशी गिरणीत त्याने हा किस्सा चार जणांना सांगितला.

३

“काल सुट्टी घेतली का, चंद्रभानजी?” भैय्याजीने एकदा सहज विचारलं.

“नाई. काऊन?”

“दुपारून तुमचा आवाज येऊन राह्यला होता. वहिनीसंगं बोलत होते. लय हसत होत्या वहिनी.”

अन्नपूर्णा हसत होती, हेच मुळात खोटं वाटण्यासारखं. चंद्रभानने विचार केला. ती लिहिता लिहिता मोठ्याने वाचत असणार. भिंत सामाईक आहे, आणि भैय्याजीचे कान बॉयलरवर राहून कामातून गेलेत. झालं. इतकं सोपं.

पण एक शंका निघून गेली की दुसरी तिच्या जागी येऊन बसायची. साडेतीनला तो घरी यायचा तेव्हा टेबलाशी असलेल्या खुर्चीची बैठक कोमट असायची. अन्नपूर्णा असायची चुलीपाशी, आणि तिचे हात राखेने भरलेले. दौतीतली शाई एका पानाला जेवढी लागावी त्याच्या तिप्पट उतरलेली. खुर्चीचा एक पाय आखूड होता. बसलेल्याने वजन टाकलं की ती टक् करायची, वजन काढलं की पुन्हा टक्. मधल्या खोलीत चहा पिताना त्याला आतून ती टक् ऐकू यायची. तो उठून बघायचा. खोली रिकामी. लाकूड उन्हाने फुगतं, आक्रसतं. तो गिरणीतला माणूस होता, लाकडाचं त्याला कळत होतं. मात्र तो बघायला गेला की अन्नपूर्णा कशी श्वास धरून थांबते, याला लाकूड जबाबदार नव्हतं.

दहाव्या प्रकरणाच्या प्रतीत एक पान जास्त निघालं. दुसरा चंद्रभान त्यात सांगत होता की मुलगी झोपताना आईच्या कानाची पाळी धरून झोपायची, आणि शेवटच्या सकाळी बोटं सैल पडली तेव्हा आईला पाळी गार लागली म्हणून जाग आली.

चंद्रभानने हे लिहिलं नव्हतं. त्याला हे माहीतच नव्हतं. त्या सकाळी तो पहिल्या पाळीला गेला होता.

“हे पान कुठून आनलं?” त्याने विचारलं.

“जसं सांगतलं तसं उतरवलं.”

“कोनं सांगतलं?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत भीती असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त थोडी संकोचली, माहेरचं कुणी आलं असताना नवऱ्याने मोठ्याने बोलावं तशी. “तुमी चहा घ्या,” ती म्हणाली.

ती स्वतःच लिहिते आहे, त्याने स्वतःला बजावलं. दुःखी बाई आहे, मनातलं घालते आणि लाजते. हे उत्तर चांगलं होतं, पटण्यासारखं होतं, आणि चार आठवडे ते पुरलं.

४

पाचव्या आठवड्यात अकराव्या प्रकरणाची प्रत आली. चंद्रभान खुर्चीवर बसला, खुर्चीने टक् केलं, आणि त्याने पहिलं पान उलटलं.

जागा सुटल्या होत्या. पण चुकीच्या ठिकाणी. ‘सुकाणूवर चंद्रभान बसला होता’ इथे तांडेलाचं नाव तिने सरळ लिहून टाकलं होतं, कोण्या गड्याचं लिहावं तसं. आणि त्याच्या खालच्याच ओळीत, ‘दुसरा’ या शब्दापुढे, चार बोटं मोकळी जागा होती. त्याने पुढची पानं भराभर बघितली. सगळीकडे हेच. सात पानांत एकदाही तिची चूक झाली नव्हती.

बायको दुसऱ्या माणसाच्या नादी लागली असती तर निदान त्याची गचांडी धरता आली असती. चार लोक गोळा करता आले असते. इथे कुणाकडे जायचं आणि काय सांगायचं? बायकोने आपलं नाव लिहिलं हो, असं? लोक हसून लोळले असते. पण अन्नपूर्णा ते नाव कुणासाठी लिहीत नाही आणि कुणासाठी बिनदिक्कत लिहिते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिने त्याला नवरेपणातून उतरवलं होतं. भांडण नाही, तंटा नाही. नुसत्या टाकाने.

“इकडे ये,” तो ओरडला. ती दारात आली.

“हे काय केलं तू? तुह्या घरी कोन हाये? मी का तो?”

ती हळूच म्हणाली, “तीन वर्षं झाले. तुमी पोरीचं नाव नाई काढलं. त्यानं काढलं.”

“अवं पन ते मीच लिवलं न!”

“कागदावर लिवलं. मले नाई सांगतलं.”

बोलायचं तर आत्ताच होतं, त्या दारातच, नलूचं नाव घेऊन. ते त्याच्या घशापर्यंत आलंही. पण त्याला राग आला होता, आणि रागावलेल्या माणसाला नेमकं तेच बोलणं कमीपणाचं वाटतं. “जाय,” तो म्हणाला. ती गेली.

तो बसून राहिला. हा जो कुणी होता तो त्याने घडवला होता, एका अडलेल्या प्रकरणासाठी, सोय म्हणून. त्याला बोलायला शिकवलं ते त्याने. आपल्या घरातलं सगळ्यात जपून ठेवलेलं दुःख त्याच्या हातात दिलं तेही त्यानेच. आणि तो तेच घेऊन सरळ अन्नपूर्णेपाशी गेला होता.

ठीक आहे, चंद्रभान मनाशी म्हणाला. ज्याने आणला तो घालवील.

५

बारावं प्रकरण शेवटचं. ते त्याने एका बैठकीत लिहिलं. किनारा दिसतो, माड दिसतात, माणसांचे आवाज येतात. आता तांडेलाला जोडीदाराची गरज नाही. तो सुकाणू सोडून गलबताच्या नाकाकडे जातो आणि म्हणतो, तू कुणीच नाहीस. दुसरा चंद्रभान काही न बोलता उठतो, काठावर पाय देतो आणि पाण्यात विरून जातो. तांडेल घरी पोचतो. बायको दारात उभी असते.

लिहिताना पाठीमागे कुणी उभं आहे असं त्याला सारखं वाटत होतं. मान वळवायची नाही असं त्याने ठरवलं, आणि वळवली नाही. शेवटच्या ओळीखाली त्याने इतकी जाड रेघ ओढली की टाकाचं टोक मोडलं.

अन्नपूर्णेने कागद घेतले, तिथेच उभ्याने शेवटपर्यंत वाचले आणि आत नेले. तोंडावर काही दिसलं नाही. एरवी दोन दिवसांत होणाऱ्या प्रतीला या वेळी सात दिवस लागले. तो रोज विचारायचा, आणि ती ‘हून राह्यलं’ म्हणायची. त्या आठवड्यात खुर्ची एकदाही वाजली नाही. चंद्रभानला झोप लागायला लागली.

आठव्या दिवशी सकाळी तो चपला घालत होता. साडेसहाचा भोंगा होऊन गेला होता आणि टाइमकीपरने उशिरा पोचणं म्हणजे गिरणीभर तमाशा. अन्नपूर्णा कागद आणि दौत घेऊन आली.

“एवढ्या जागा भरून द्या. टपाल आजच गेलं पाह्यजे, संपादकाचं कार्ड आलं होतं.”

“दुपारून भरतो.”

“दुपारून टपाल निंघून जाते.”

त्याने कागद गुडघ्यावर घेतले. जागा भरपूर होत्या, आधीसारख्याच, पानोपानी. ते बघून त्याला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. तांडेलाच्या जागा परत सुटायला लागल्या, त्याला वाटलं. बाई ताळ्यावर आली. वाचायला वेळ नव्हता, आणि वाचायचं काय, आपलंच लिहिलेलं. त्याने भराभर पानं उलटत प्रत्येक जागेत आपलं नाव घातलं. चंद्रभान, चंद्रभान, चंद्रभान. शेवटच्या पानावर शेवटच्या ओळीत एक जागा होती, तीही भरली. अन्नपूर्णा पानं वाळवत एकेक हातातून घेत होती.

“लय चांगलं झालं,” ती म्हणाली. तो पळतच गिरणीकडे निघाला.

६

अंक आला तो महिनाभराने, शनिवारी. चंद्रभान फाटकावरच्या आपल्या खोलीत पहिल्या पाळीचे हजेरीचे बिल्ले मोजून टांगत होता. तीनला पाच कमी होते. दुसऱ्या पाळीचे लोक आत यायला लागले आणि भैय्याजी अंक नाचवत खिडकीशी आला.

“मस्त शेवट केला, चंद्रभानजी! मी रस्त्यानं वाचतच आलो. तांडेल गेला बिचारा, पन जोडीदारानं गलबत आनलं किनाऱ्याले. मले नाई वाटलं होतं तुमी असं करसान.”

“अंक कुठून आनला?”

“घ्या! तुमीच तं देल्ला न आत्ता, घरच्या खिडकीतून. म्हटलं आज पाळी नाई का, तं तुमी म्हने...”

भैय्याजी थांबला. चंद्रभानच्या खाकी कोटाकडे, मग हातातल्या बिल्ल्यांकडे, मग चेहऱ्याकडे त्याने पाहिलं. अंक खिडकीच्या फळीवर ठेवून तो एक पाऊल मागे सरकला.

“भैय्याजी, मी सकाळपासून अठीच हावो.”

“असान,” भैय्याजी म्हणाला. “असान जी.” आणि बॉयलरकडे चालता झाला. आपला बिल्ला घ्यायचंही त्याला सुचलं नाही.

चंद्रभानने उभ्यानेच वाचलं. किनारा होता, माड होते. पण गलबताच्या नाकावरून दुसरा उठून सुकाणूकडे येत होता आणि तांडेलाला म्हणत होता, आता तुझं काम संपलं. तू फार थकलास. तू काहीच बोलत नाहीस, आणि माझ्यापाशी बोलण्यासारखं पुष्कळ आहे. आणि तांडेल, ज्याला नावसुद्धा ठेवलेलं नव्हतं, नुसता तांडेल, भांडला नाही. काठावर पाय देऊन खाली उतरला. मग चंद्रभानने गलबत किनाऱ्याला लावलं. चंद्रभान वाळूतून चालत गेला. चंद्रभान घरी पोचला. प्रत्येक ठिकाणचं ते नाव त्याने स्वतः भरलं होतं, चपला घालता घालता, गुडघ्यावर कागद ठेवून.

घरी जाताना तो धावला नाही. धावलं तर हे खरं होईल असं काहीतरी त्याला वाटत होतं. अन्नपूर्णा लिहिते, त्याने घोकायला सुरुवात केली. अन्नपूर्णेने शेवट बदलला, माझ्यावरचा राग काढला. भैय्याजी म्हातारा होत चाललाय. आज मी तिच्याशी बोलीन. नलूचं बोलीन. बसवून घेईन आणि सगळं बोलीन.

दार आतून लावलेलं होतं. दिवसाउजेडी त्या गल्लीत कुणी दार लावत नसे. त्याने कडी वाजवली.

अन्नपूर्णेने एकच फळी उघडली आणि फटीत उभी राहिली. त्याला बघताच तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. सतरा वर्षांत तिला तो पदर परक्या पुरुषासमोर ओढताना त्याने हजारदा पाहिलं होतं. तिचा चेहरा भरला होता, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. कधी गेली, त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

“आत येऊ दे,” तो म्हणाला.

“ते लिवून राह्यले.”

तिच्या खांद्यावरून मधली खोली दिसत होती आणि पलीकडे आतल्या खोलीचं अर्धं दार. तिथे टेबलाची कड होती, कागदावर टेकलेलं एक कोपर होतं, आणि मानेवर, केस संपतात तिथे, लहानपणी देवीने पाडलेले तीन व्रण होते. आपली मान माणसाला कधी दिसत नाही. पण न्हाव्याने दोन आरसे धरून ते व्रण त्याला एकदा दाखवले होते. खुर्ची टक् झाली. तो जो कुणी होता तो वळणार होता. चंद्रभानने नजर खाली घातली.

“कोन हाये व?” आतून विचारलं गेलं. आवाज त्याचाच होता, फक्त इतक्या मायेने तो कधी बोलला नव्हता.

“गिरणीतले हायेत,” तिने मान वळवून सांगितलं.

“अन्नपूर्णे, मी हावो. मले ओळखत नाई का तू?”

आता ती नाही म्हणेल, याची त्याला खात्री होती. नाही म्हणाली असती तर ती भ्रमिष्ट झाली आहे असं तरी म्हणता आलं असतं. वैद्य आणता आला असता, माहेरी कळवता आलं असतं.

“ओळखतो जी,” ती म्हणाली. “तुमाले कशी नाई ओळखीन?”

“मंग?”

तिने फळी लोटायला हात लावला, पण लोटली नाही. क्षणभर ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं.

“मी मंग केव्हा येऊ?” त्याने विचारलं. स्वतःच्या दारात उभं राहून आपण हे विचारलं, हे त्याला विचारून झाल्यावर कळलं.

“नका येऊ,” अन्नपूर्णा म्हणाली, आणि आत लिहिणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून तिने कडी अगदी हळू लावली.